म्हसोबाचं वळण

खडीच्या माळावरच्या शर्यतीत, शेवटच्या फेरीला, धैर्यशील सरनोबतच्या गाडीवर मागून जी गाडी आदळली ती त्याच्या सख्ख्या भाचीची होती. त्यामुळे दोष कुणाचा हा प्रश्न कोल्हापुरात नुसता शर्यतीचा राहिला नाही, घरगुती झाला. आणि घरगुती प्रश्नावर मत नसलेला माणूस आमच्याकडे अजून जन्माला यायचाय.

घडलं ते सगळ्यांनी पडद्यावर पाहिलं होतं. धैर्यशील पहिला. त्याच्या मागे शर्वरी बोंद्रे, इतकी जवळ की दोन गाड्यांच्या मधून पतंगाचा कागद जेमतेम सरकला असता. म्हसोबाच्या वळणाला, जिथं एरवी सगळे पाय दाबूनच जातात, तिथं धैर्यशीलची गाडी एकाएकी मंदावली. शर्वरीच्या गाडीचं नाक त्याच्या मागच्या चाकाला बसलं, त्याची गाडी भिंगरीसारखी फिरली आणि कुंपणाच्या टायरांत जाऊन घुसली. धैर्यशीलच्या उजव्या पायाचा घोटा चिरडला. शर्वरीला खरचटलंसुद्धा नाही; शर्यत तीच जिंकली.

संध्याकाळपर्यंत रंकाळ्यावर दोन तट पडले. "मागच्याचीच चूक," एक तट म्हणाला. "रिक्षावाल्याला पण कळतंय, अंतर ठेवावं." दुसरा तट म्हणाला, "अंतर ठेवायचं तर शर्यतीत कशाला उतरायचं? एस.टी. चालवावी. पुढचा मधेच अडला तर मागच्यानं उडून जायचं व्हय?" दोन्ही बाजूंचं खरं होतं, म्हणून भेळ संपली तरी वाद संपला नाही.

पूर्वी असले वाद पंचांच्या डोळ्यांवर आणि ज्या पेठेचा आवाज मोठा तिच्यावर मिटायचे. गेल्या काही वर्षांत ते थांबलं, ते डॉ. मृणाल शिरगुप्पे यांच्या यंत्रामुळे. यंत्राचं नाव 'क्षणदर्शी'. हेल्मेटच्या आत घालायची मऊ कापडी टोपी, हनुवटीखाली बंद, आणि कापडात विणलेले केसाएवढे बारीक संवेदक. चालकांनी पहिल्याच दिवशी तिचं नाव 'टोपडं' ठेवलं आणि तेच चिकटलं.

मेंदूत विचार फिरतो तो विजेच्या बारीक लहरींनी. या लहरी टोपडं टिपतं. विचार काय आहे हे त्याला कळत नाही. पण कोणत्या जातीचा विचार कोणत्या क्षणी उठला, हे मात्र ते नेमकं सांगतं. डोळ्यांनी काही पाहिलं त्याची एक लहर. पाहिलेलं ओळखलं त्याची दुसरी. पाय हलवायचं ठरलं त्याची तिसरी, आणि ही गमतीची, कारण ती पाय हलायच्या कितीतरी आधी चढू लागते. पाय हलण्यापूर्वी डोक्यात पाय हललेला असतो. नुसता दचकून हललेला पाय असेल तर ही चढण नसते. म्हणजे दचकला की ठरवून केलं, हे टोपडं सांगू शकतं.

आणखी एक लहर असते, अनपेक्षिताची. डॉक्टरांनी चालकांना ती समजावली तेव्हा फळ्यावर काही काढलं नाही. "अंधारात जिना उतरताना अजून एक पायरी आहे असं वाटून पाय टाकता आणि तिथं जमीनच लागते," त्या म्हणाल्या. "तेव्हा पोटात जे होतं ना, ती ही लहर. पायरी नाही हे ठाऊक असेल तर ती उठत नाही. ती दाबता येत नाही आणि उसनी आणता येत नाही."

दोष ठरवायची पद्धत यावरून बसली. आधी पुढच्या चालकाचा आलेख उघडायचा. त्यानं काही पाहिलं, ओळखलं आणि मग ब्रेक मारला असेल, तर तो सुटला. काही न पाहता ठरवून वेग तोडला असेल, तर तो मुद्दाम. त्यानं ते कबूल केलं की प्रकरण तिथंच मिटायचं आणि मागच्याचा आलेख न उघडता पुसून टाकायचा. कुणाचंही डोकं गरजेपेक्षा जास्त उघडायचं नाही, ही चालक संघटनेची अट होती. त्या अटीसाठी डॉक्टरांशी भांडला होता संघटनेचा अध्यक्ष, म्हणजे धैर्यशील सरनोबत.

आता त्याचाच आलेख उघडला होता. रस्ता मोकळा होता. त्याला काही दिसलेलं नव्हतं, तो दचकलेला नव्हता. वळणाच्या पुष्कळ आधी ठरवल्याची चढण स्वच्छ दिसत होती. आणि रुग्णालयातल्या खाटेवरून त्यानं कळवलं होतं, "होय. मुद्दाम केलं. का, ते विचारू नका."

मुद्दाम म्हणजे परवाना कायमचा रद्द. नव्या चालकांची शिकवणी बंद. आणि आमच्या गावात उरलेलं आयुष्य 'भाची पुढं जाईल म्हणून तिच्या जिवावर उठलेला मामा' ही ओळख.

शर्वरी रुग्णालयात गेली तेव्हा मामाच्या घोट्याभोवती सळयांचा पिंजरा होता. सव्वीस वर्षांची ही मुलगी गाडी चालवायला शिकली ती याच माणसाच्या मांडीवर बसून. आईचा धाकटा भाऊ, पण बाप गेल्यावर घरात शब्द चालायचा तो त्याचाच.

"आलीस व्हय? बस. जेवलीस?"

"हो."

"खोटं बोलतीस. तोंड बघ." मग त्यानं हळूच विचारलं, "आक्का काय म्हणती?"

आई काय म्हणत होती ते सांगण्यासारखं नव्हतं. शर्वरी चादरीची किनार बोटांत धरून बसली.

"शरू, तुला एकटीला सांगतो," मामा म्हणाला. "तुला अडवायला न्हाई केलं मी ते. म्हसोबाला पाय उचलला."

हे सांगताना त्यानं मान भिंतीकडे वळवली. का वळवली ते कळायला थोडं मागं जावं लागेल.

त्या वळणावर कुंपणाबाहेर एक शेंदूर फासलेला दगड आहे. शर्यतीचा रस्ता नंतरचा, म्हसोबा आधीचा. पेट्रोलच्या जमान्यात चालक तिथून जाताना नमस्कार करायचे. पण स्टिअरिंगवरचे हात सोडता येत नाहीत, म्हणून क्षणभर ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलायचे. देवाला पायानं नमस्कार म्हणजे जरा अवघडच, पण म्हसोबानं कधी तक्रार केली नाही. पेट्रोलची गाडी पाय उचलल्यानं फारशी अडायची नाही. तिचा आवाज तेवढा एकदा खाली बसून पुन्हा चढायचा आणि तो ऐकून माळावरची माणसं टाळ्या वाजवायची. हिंदू, मुसलमान, जैन, सगळेच उचलायचे. तो माळाचा रिवाज होता.

मग विजेच्या गाड्या आल्या. त्यांत पाय उचलला की मोटार उलटी राबते, चाकांचा वेग खाऊन त्याची वीज करते आणि बॅटरीत परत भरते. चालक त्याला 'वसुली' म्हणतात. वसुली लागली की गाडी मागून दोर ओढल्यासारखी अडते. पेट्रोलच्या काळातला नमस्कार विजेच्या काळात जोरदार ब्रेक झाला. पहिल्याच हंगामात तौफिक शिकलगारनं तिथं पाय उचलला आणि मागच्या तीन गाड्या एकमेकींत गेल्या. "वडील उचलायचे, म्हणून मी उचलला," तौफिक म्हणाला. त्याला भर सभेत धैर्यशीलनं सोलून काढलं होतं. "नमस्कार घरात बसून घाल. हिथं मागच्याचा जीव जातोय. असल्या अडाण्यांसाठी हे खेळ न्हाईत." टाळ्या पडल्या होत्या. तौफिकचा परवाना एका हंगामापुरता गेला, पण तो पुन्हा माळावर आलाच नाही.

आणि तोच धैर्यशील, शेवटच्या फेरीत पहिला असला तर, गुपचूप पाय उचलत होता.

"देव म्हणून न्हाई गं," तो भिंतीशी बोलल्यासारखा बोलला. "सवय म्हण. उपकार म्हण. जिंकायला आलो की वाटायचं, न विचारता कसं जायचं? अगदी जरासा उचलायचो. कुणाला कळायचं पण न्हाई. ह्या खेपेला जास्त अडली गाडी, का ते मला उमजंना."

का ते शर्वरीला उमजलं होतं. भरलेली बॅटरी वसुली फारशी घेत नाही. रिकामी बॅटरी तहानलेली असते, मिळेल तेवढी ओढते. या वेळी शर्यतीला दोन फेऱ्या वाढवल्या होत्या. मामाची बॅटरी तळाला गेलेली होती.

"मग हेच सांग ना पंचांना," ती म्हणाली.

"तौफिकला त्या दिवशी काय काय बोललो मी! आता मीच उठून सांगू? मुद्दाम केलं म्हटलेलं परवडलं. दुष्ट म्हणतील. ढोंगी तर न्हाई म्हणणार." मग तो तिच्याकडे वळला आणि त्या मोठ्या, मिशाळ माणसाचे डोळे भरून आले. "पण तुझं काय झालं असतं गं? तुला काय कल्पना, बिचारीला. माझ्या भरवशावर मागं चिकटून येत होतीस. मामाला माफ कर."

त्यानं खरोखरच हात जोडले. एका हाताला सलाईनची नळी होती, तीही वर आली.

शर्वरी म्हणाली, "असू दे मामा."

तिनं त्याला माफ केलं. नंतर जिन्यातून खाली उतरताना तिला स्वतःची किळस आली.

घरी आई फराळाची भाजणी चाळत होती. दिवाळी तोंडावर होती.

"जाऊन आलीस त्याच्याकडं?" सुलभाताईंनी विचारलं.

"आई, त्याचा पाय..."

"पाय गेला त्याचा. माझी पोरगी गेली असती." चाळणी जोरात हलली. "सगळ्या गावाला कळलंय, मुद्दाम केलं म्हणून स्वतः सांगितलंय त्यानं. मी सांगून ठेवतो, यंदा भाऊबीज न्हाई हिथं. पाट मांडायचा न्हाई. मला भाऊ न्हाई."

"असं नको बोलूस गं."

"का? तू केलीस व्हय चूक?"

प्रश्न नुसता रागाचा होता, उत्तराची वाट न बघता आई पुन्हा चाळू लागली. शर्वरीला त्या क्षणी बोलता आलं असतं. ती हात धुवायला मोरीत गेली.

तिला माहीत होतं. हीच ती गोष्ट होती.

गेल्या वर्षीच्या शर्यतीत ती मामाच्या मागे असताना शेवटच्या फेरीला त्याची गाडी म्हसोबापाशी जराशी कचरली होती. मागून इतकं जवळ दुसरं कुणी नव्हतं, म्हणून दुसऱ्या कुणाला दिसलं नाही. तिला वाटलं, बॅटरी. पुढच्या शर्यतीत पुन्हा तसंच झालं तेव्हा तिला लहानपण आठवलं. स्कूटरवर ती मामाच्या पुढ्यात उभी असायची, रस्त्यावरून तो दगड दिसला की मामा म्हणायचा, "शरू, नमस्कार कर," आणि स्वतः स्कूटरचा जोर सोडून द्यायचा. तिला सगळं कळलं. ती त्याला चिडवू शकली असती, "काय मामा, अडाण्यांचे खेळ का?" किंवा भांडू शकली असती, मागं मी असते म्हणून. तिनं यातलं काहीच केलं नाही. तिनं ते जपून ठेवलं. कधी ना कधी त्याला गाठायचं झालं तर तिथंच गाठता येईल, म्हणून. आशियाई मालिकेच्या संघात कोल्हापूरची एकच जागा होती आणि ती पहिल्याला मिळणार होती.

त्या दिवशी ती मुद्दामच इतकी चिकटून गेली होती. तो पाय उचलेल, त्याच क्षणी आपण आतल्या बाजूनं निसटायचं. फक्त रिकामी बॅटरी किती ओढेल याचा तिचा अंदाज चुकला. माळाचा म्हसोबा, मामाचा नमस्कार, स्कूटरवरचं ते पुढ्यात उभं राहणं, सगळं तिनं पुढं जायची फट म्हणून वापरलं होतं. आणि मामा म्हणत होता, तुला काय कल्पना, बिचारीला.

डॉ. शिरगुप्प्यांच्या खोलीत टेबलावर तिचं टोपडं ठेवलं होतं. गव्हाळ रंगाचं, लहान मुलाचं असावं तसं.

"बस शर्वरी. तुझा आलेख पुसायला तुझी संमती लागते, तेवढ्यासाठी बोलावलं," डॉक्टर म्हणाल्या. रोडक्या, साठीच्या बाई. शर्यतींची त्यांना आवड अशी नव्हतीच, माणसं खोटं का बोलतात याची होती. "सरनोबतांनी कबुली दिल्यामुळे तुझा काही प्रश्न नाही. संघातली जागा तुझीच. इथं अंगठा टेकव."

शर्वरीनं अंगठा पुढं केला आणि तसाच हवेत ठेवला.

"डॉक्टर, हा उघडला तर काय दिसेल?"

"काय दिसायचं? समोरची गाडी अडलेली दिसली, धक्का बसला, ब्रेकवर पाय. सगळ्यांचं तेच असतं. उघडायची गरज नाही."

"उघडा."

"विचार कर. एकदा उघडला की तो पंचांपुढे जातो. मला मग पुसता येत नाही."

"उघडा म्हणते ना!" ती ओरडलीच, आणि मग ओरडल्याचीही तिला लाज वाटली.

पडद्यावर रेषा आल्या. डॉक्टरांनी मामाचा आलेख वर ठेवला, हिचा खाली. मामाचा पाय उचलला गेला त्या जागी त्यांनी बोट ठेवलं आणि ते बोट खाली आणलं. तिथं रेषा सपाट होती. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

"अनपेक्षिताची लहर नाही," त्या हळू म्हणाल्या. मग बोट डावीकडे सरकलं. "आणि ही तुझी चढण. स्टिअरिंग वळवायचं ठरवल्याची. हे त्यानं पाय उचलायच्या आधी आहे, शर्वरी. तो अडायच्या आधी तू वळायचं ठरवलं होतंस."

"हो."

"म्हणजे तुला माहीत होतं."

"हो."

डॉक्टरांनी पडद्यावरचं बोट काढलं. "मी हे यंत्र केलं तेव्हा मला वाटायचं, पुढच्यानं का केलं एवढंच शोधायचंय," त्या म्हणाल्या. "सुनावणी सोमवारी आहे. तुला कसं माहीत होतं, हे विचारलं जाईल."

कसं माहीत होतं हे सांगायचं, तर मामा जे झाकायला स्वतःचं नाव घालवायला निघाला होता, तेच उघडं करावं लागणार होतं. आपली लाज धुवायला त्याची चव्हाट्यावर मांडायची. म्हणून ती आधी त्याच्याकडे गेली.

मामा उशीला टेकून संत्रं सोलत होता. अर्धं त्यानं तिच्यापुढं धरलं.

"मामा, मला माहीत होतं."

"काय?"

"तू पाय उचलणार ते. मला माहीत होतं. मी त्याचीच वाट बघत होते."

आणि जी लहर तिच्या आलेखात नव्हती, ती तिनं मामाच्या चेहऱ्यावर उठताना पाहिली. भुवया वर गेल्या, तोंड किंचित उघडं राहिलं, हातातली फोड चादरीवर पडली. नसलेल्या पायरीवर पाय टाकलेला माणूस. त्याच्या मनात हे कधी आलंच नव्हतं. आपल्याबद्दल त्याला कधी एवढासाही संशय आला नव्हता, हे पाहणं तिला सगळ्यांत जड गेलं.

"कधीपास्नं?" त्यानं विचारलं.

"मागच्या वर्षापासून. तिथं तुला गाठायचं ठरवलं होतं."

तो फोड शोधत राहिला. ती सापडल्यावर पुसून बशीत ठेवली. "ते चालतंय," तो म्हणाला. "शर्यत हाय ती. मी तुझ्या जागी असतो तर मीपण तेच केलं असतं." त्यानं बशी बाजूला सारली. "पण परवा मी हात जोडले तुझ्यापुढं. तवा 'असू दे' का म्हणालीस?"

ती रडली नाही, रडण्याचाही आपल्याला हक्क नाही असं तिला वाटलं.

"सोमवारी मी माझं सांगणार आहे," ती म्हणाली. "तुझं नाही सांगणार. कसं कळलं विचारलं तर गप्प बसेन."

"जा आता," मामा म्हणाला, आणि भिंतीकडे तोंड करून पडला.

सोमवारी संघटनेच्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. तौफिक शिकलगारही आला होता, दाराशी उभा. शर्वरी उठली. आपल्याला धक्का बसला नव्हता, आपण आधीच ठरवलं होतं, असं तिनं सांगितलं, आणि मागे पडद्यावर ती सपाट रेषा सगळ्यांनी पाहिली. तिची आई तिसऱ्या रांगेत होती. तिकडे न पाहायचा शर्वरीनं निश्चय केला होता, तरी पाहिलंच. आईनं पदर तोंडाशी धरला होता.

"तुला आधी कसं कळलं?" डॉक्टरांनी विचारलं.

शर्वरी गप्प राहिली. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं. सभागृहात कुजबूज सुरू झाली. बॅटरी बघितली असंल, इशारा ठरला असंल, मामा-भाचीचं संगनमतच असंल.

"मी सांगतो." चाकाच्या खुर्चीवरून मामाचा आवाज आला. "मी म्हसोबाला पाय उचलतो, डॉक्टर. दर शर्यतीत, पुढं असलो की. हिला ते ठाऊक होतं. जे मी भर सभेत तौफिकला बोललो, ते सगळं माझंच मला लागू हाय."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मामानं खुर्ची दाराकडे वळवली. "तौफिक, तुझं नाव पुन्हा यादीत घालायला सांगतो मी."

"आता बॅटरीचं दुकान हाय काका माझं," तौफिक म्हणाला. "सवड न्हाई." आणि तो शांतपणे निघून गेला.

पंचांचा निकाल वाचून दाखवताना डॉक्टर म्हणाल्या, अचानक ब्रेक लागल्यामुळे झालेली धडक म्हणून हे प्रकरण आपल्याकडे आलं, पण यात अचानक असं काही घडलंच नाही. आपण काय करणार हे एकाला माहीत होतं आणि तो काय करणार हे दुसरीला. दोष दोघांवर बसला. मामाचं 'मुद्दाम' पुसलं गेलं, पण एका वर्षाची बंदी आली. शर्वरीला दोन हंगामांची बंदी आली आणि संघातली जागा तिच्या मागून आलेल्याला गेली.

त्या निकालाचं पुढं जे झालं ते डॉक्टरांनाही सुचलं नव्हतं. यापुढं मागच्याचाही आलेख उघडणार, हे कळल्यावर चालकांनी एकमेकांची ओळख ठेवणंच सोडलं. शर्यतीनंतरचा एकत्र मिसळपाव बंद झाला. सरावाच्या वेळा वेगळ्या झाल्या. समोरच्याच्या सवयी ठाऊक नसतील तर धक्का खरा बसतो, आणि धक्का बसलेला निर्दोष सुटतो. खडीच्या माळावर आता सगळी अनोळखी माणसं गाड्या पळवतात. धडका वाढल्यात, पण दोष कुणाचाच निघत नाही.

भाऊबीजेला पाट मांडला गेला. सुलभाताईंनी भावाला ओवाळलं, करंजी भरवली आणि मग त्याच्या पिंजऱ्यातल्या पायावर हात ठेवून खूप रडल्या. लेकीशी मात्र त्या सोमवारपासून कामापुरतंच बोलत होत्या. शर्वरीला तेच बरं वाटत होतं. कुणीतरी तिला लगेच माफ केलेलं नव्हतं.

जेवणं झाल्यावर मामाला घरी सोडायचं होतं. "मी येतो की गाडी घेऊन," आई म्हणाली, कारण उरलेल्या दोघांनी गाडी चालवावी असं घरात कुणालाच वाटत नव्हतं. मामा पुढं बसला, पाय लांब करून. शर्वरी मागं. घरातली साधी विजेची गाडी, बाजारहाटाची. माळाच्या कडेचा रस्ता लागला. शेंदराचा दगड दिसला. कुणीतरी त्याच्यापुढं पणती लावून गेलं होतं.

सुलभाताईंनी पाय उचलला.

गाडी कचकन अडली. तिघंही पट्ट्यांत पुढं झुकली आणि मागं आली. मामाचा हात आधीच समोरच्या काचेखाली टेकलेला होता, शर्वरीचा पुढच्या सीटला. मागून एक गाडी करकचून थांबली, हातभर अंतरावर, आणि तिच्या हॉर्ननं माळ दणाणला.

"काय गं बाई ही माणसं," आई आरशात बघत म्हणाली. "अंतर ठेवायला काय होतंय ह्यांना?"

मामानं खिडकीबाहेर तोंड फिरवलं. शर्वरी मागं वळली. काचेपलीकडे एक अनोळखी माणूस होता, चेहरा पांढरा पडलेला, तोंड उघडं. तिनं त्याच्याकडे बघून दोन्ही हात जोडले, आणि गाडी हलली तरी तसेच धरून ठेवले.